प्रचाराचा नारळ

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी काळाचौकीला राहते. वय ३७. गेली अकरा-बारा वर्षं वस्तीत काम करते. रेशनकार्ड, पाण्याचा दाब, केईएममध्ये पेशंट भरती करणं, मुलांची अभ्यासिका, असं पडेल ते. आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झालाय आणि एका पक्षानं मला उभं राहायला सांगितलंय. घरचे, शेजारचे खूश आहेत.

अडचण अशी की मी देव मानत नाही. तेरा वर्षांची होते तेव्हा गावी माझ्या धाकट्या भावाला साप चावला. त्याला तालुक्याला न्यायचं सोडून मांत्रिकाकडे नेलं. तो गेला. तेव्हापासून माझे हात कुठल्या मूर्तीपुढे जोडले गेले नाहीत. लग्नही आम्ही रजिस्टर केलं.

आता विभागातले पदाधिकारी म्हणतात, "वहिनी, हे तुमचं न मानणं निवडणुकीपुरतं घरात ठेवा." प्रचाराचा नारळ देवळात मी फोडायचा, आरती करताना फोटो काढायचे, पत्रकावर वरच्या बाजूला देवीचा फोटो छापायचा. त्यातच समोरच्यांना माझा एक जुना व्हिडिओ सापडलाय. एका कार्यक्रमात मी "देव नाही" असं बोलले होते. "हिनं धर्म सोडलाय" अशी कुजबुज आतापासूनच सुरू आहे. नवरा म्हणतो, एका नारळानं काय होतंय. सासूबाई काहीच बोलत नाहीत. त्या रोज सकाळी तासभर देवपूजा करतात.

मला चीड येते, आणि खरं सांगायचं तर कधी कधी या सगळ्या माणसांची कीव येते. देव न मानणारे आम्ही मूठभर. राजकारणात आमचं काय चालणार? खोटं वागू, की माघार घेऊ?

— एक कार्यकर्ती

सल्ला

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

भावाबद्दल तू चारच वाक्यं लिहिली आहेस आणि नारळाबद्दल पानभर. मला मात्र त्या चार वाक्यांपाशी थांबावं लागलं. पत्र बाजूला ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा वाचलं. तुझ्या पदाधिकाऱ्यांना ही गोष्ट माहीत आहे का? बहुधा नसावी. त्यांना वाटत असेल की वहिनींनी कॉलेजात चार पुस्तकं वाचली आणि देव सोडला. वस्तीतल्या बायकांनाही हे माहीत नसेल. तू अकरा वर्षं त्यांचं सगळं ऐकून घेतलंस, आपलं काही सांगितलं नाहीस. याकडे मी पुन्हा येईन.

आधी एक सांगून टाकते. मी देव मानते. दिवेलागणीला समई लावल्याशिवाय मला घरात घर वाटत नाही. तेव्हा हा सल्ला तुझ्या बाजूच्या माणसाचा आहे असं समजू नकोस. ज्यांची तुला कीव येते त्यांच्यातल्याच एकीचा आहे.

तू म्हणतेस, आम्ही मूठभर. आकडे पाहिले तर तसंच दिसतं. २०११ च्या जनगणनेत ज्यांनी आपणहून नास्तिक अशी नोंद करून घेतली असे लोक साऱ्या देशात जेमतेम ३३ हजार निघाले. त्यांतले साडेनऊ हजारांवर आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, पण तरी मूठभरच. आता त्याच जनगणनेतला दुसरा आकडा बघ. महाराष्ट्रात बौद्ध आहेत ६५ लाख. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी जो धम्म दिला त्यात जग निर्माण करणारा ईश्वर नाही, आणि २२ प्रतिज्ञांची सुरुवातच देव न मानण्यापासून होते. दर ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर येणाऱ्या बायाबापड्यांना तू मूठभर म्हणशील का? आपल्या शेजारचे जैनही जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, आणि तरी पहाटे देरासरात जातात. माणसं काय मानतात आणि काय करतात याची सरळ दोन खात्यांत वाटणी होत नाही. मुंबईत तर नाहीच नाही.

संख्येवर सगळं ठरत असतं तर पुढची गोष्ट घडलीच नसती. १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली, की सुरुवात "ईश्वराच्या नावानं" अशी करावी. सभेत बसलेली बहुतेक माणसं देव मानणारी. फाळणी नुकतीच झालेली, धर्माच्या नावानं रक्त सांडलेलं. तरी हृदयनाथ कुंझरूंसारखे लोक उठले आणि म्हणाले, श्रद्धेसारखी गोष्ट कुणावर लादायची नाही. मतदान झालं. दुरुस्तीच्या बाजूनं ४१, विरोधात ६८. म्हणून आज आपलं संविधान "आम्ही भारताचे लोक" असं सुरू होतं. त्या ६८ जणांत नास्तिक कितीसे असणार! तुझ्या न मानण्याची जागा या देशात राखली ती मुख्यतः मानणाऱ्यांनी.

तुझ्या भावाचंही तसंच. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची कधी वाचली आहेस का? साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं, हे त्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तुझ्या भावाच्या वेळी हा कायदा नव्हता. तो व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं विधान भवनाच्या पायऱ्या झिजवत होते. कायदा झाला तर वारी बंद होईल, कीर्तनं बंद होतील, अशी भीती लोकांच्या मनात घातली गेली होती. प्रत्यक्षात कायद्यातच म्हटलंय, की प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लागणार नाही. दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते. पण आमचं भांडण देवाधर्माशी नाही, शोषणाशी आहे, हे ते गावोगाव जाऊन सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला. हात वर करणाऱ्या त्या आमदारांतले कितीतरी आषाढीला पंढरपूरला जाणारे, नवस बोलणारे, मनगटाला गंडा बांधणारे असणार.

म्हणून मला तुझ्या पत्रातला "कीव" हा शब्द बोचला. चीड मला समजते. भाऊ गेलेल्या बहिणीनं चिडायचं नाही तर कुणी? पण कीव वेगळी. जिची कीव करतेस तिच्या दारात मत मागायला जाऊ नकोस. तिला ते कळतं. केईएमच्या वॉर्डाबाहेर रात्रभर बसलेली बाई मुठीत अंगारा धरून असते, आणि डॉक्टरनं लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन तीच मेडिकलला धावते. तू तिच्याबरोबर धावली आहेस. त्या वेळी तुला तिची कीव आली होती का? मला नाही वाटत. ही कीव तुला आता आलीय, पदाधिकाऱ्यांनी कोंडीत पकडल्यावर. तिचा उगम रागात आहे, आणि तो राग त्या बाईवर काढू नकोस.

आता नारळ. माझे वडील डिलाईल रोडच्या चाळीत राहायचे. गिरणीत साचा खात्यात होते. लाल बावट्याचे. १९५७ ला आणि १९६७ ला गिरणगावानं कॉम्रेड डांग्यांना लोकसभेवर पाठवलं, त्या दोन्ही वेळी रात्र रात्र भिंती रंगवणाऱ्यांत ते होते. देव मानत नव्हते. घरात आईचा देव्हारा होता. त्याच्याकडे त्यांनी कधी पाठ केली नाही आणि कधी हातही जोडले नाहीत. पण चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार सलग सतरा वर्षं तेच. वर्गणीची वही आणि पेटी आमच्या माळ्यावर असायची. आरतीच्या वेळी ते मांडवाबाहेर पाण्याच्या पिंपाशी उभे असत. आरती संपली की आत येऊन सगळ्यांबरोबर खिरापत घेत. एका वर्षी नवा सेक्रेटरी म्हणाला, तात्या, निदान टाळ्या तरी वाजवा. तेव्हा चाळीतली सर्वांत वयस्कर बाई, जिच्या हातून रोज पहिला हार पडायचा, म्हणाली, "राहू दे त्याला. गणपतीचा पैसा त्याच्याकडे आहे म्हणून मला झोप लागते."

चाळीला तात्यांचं न मानणं माहीत होतं, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही म्हणूनच पेटी त्यांच्याकडे दिली जात होती. निवडणुकीच्या महिन्यात ते अचानक मांडवात पुढे उभे राहून टाळ कुटायला लागले असते, तर त्या म्हातारीची झोप उडाली असती.

नवऱ्याला हेच सांग. एका नारळानं देवाचं काही बिघडत नाही. तो नारळ तू फोडलास तर तुझा शब्द बिघडतो. उद्या तू म्हणशील, पाइपलाइनचं काम मार्चपर्यंत होईल. ज्या बाईनं तुला अकरा वर्षं हात न जोडता पाहिलंय आणि आता कॅमेऱ्यापुढे जोडताना पाहिलं, ती त्या मार्चवर का विश्वास ठेवील? ज्यांची देवावर खरी श्रद्धा आहे त्यांना खोटा नमस्कार फार लवकर ओळखू येतो. मला येतो. आणि त्याचा त्रास होतो, कारण माझ्या आत जे खरं आहे ते तू फोटोसाठी वापरतेस.

तेव्हा खोटं वागू नकोस. पण म्हणून माघार घ्यायचंही कारण नाही. मांडवात जा. बोलावतील त्या प्रत्येक मांडवात जा, नवरात्रात जा, उरुसाला जा, नाताळला जा, बुद्धजयंतीला जा. तिथं तुझी माणसं आहेत. आरतीला उभी राहा. हात जोडायचे नसतील तर नको जोडूस. प्रसाद देतील तो घे, शेजारणीनं रांधलेलं आहे ते. प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती होऊ शकत नाही, हे तर उच्च न्यायालयानंच सांगितलंय. नाशिकचे एक शिक्षक शाळेच्या प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत. संस्थेनं त्यांची अडवणूक केली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. पुढच्याच वर्षी, २०१४ ला, याच न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, की कुठल्याही अर्जावर धर्म लिहायची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि मला कुठलाच धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क अनुच्छेद २५ मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच आहे. कुजबुज करणाऱ्यांशी वाद घालायला हे वापरू नकोस. पण तुझ्या पक्षाचा कुणी म्हणाला, की असं कायद्यात बसतं का, तर सांगायला हाताशी असू दे.

पत्रकावर देवीचा फोटो मात्र अजिबात नको. हा माझा सल्ला तू देव मानत असतीस तरी मी दिला असता. याच मुंबईत १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावानं मतं मागितली म्हणून निवडून आलेले डॉ. रमेश प्रभू यांची निवड न्यायालयानं रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि पुढे त्या प्रचारात भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीवरून निघालेला खटला तर २ जानेवारी २०१७ पर्यंत चालला. सात न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला, की उमेदवाराचा धर्म सोडाच, मतदाराचा धर्म, जात, भाषा पुढे करून मत मागणं हाही भ्रष्ट मार्ग. हे निकाल विधानसभेच्या निवडणुकांचे होते. पण देऊळ, मशीद, चर्च प्रचारासाठी वापरायचं नाही हे आचारसंहितेतही असतं. देवळात प्रचाराचा नारळ फोडा म्हणणाऱ्या पदाधिकाऱ्याला हे शांतपणे सांग. तो तुझा शत्रू नाही. त्याला इतकंच माहीत आहे की सगळे असंच करतात.

सगळे असंच करतात हेही खरं नाही. गोरेगावच्या मृणाल गोरे आणि आपल्या अहिल्याताई रांगणेकर, दोघी महापालिकेत नगरसेविका होत्या, १९७७ ला दोघी मुंबईतूनच लोकसभेत गेल्या. अहिल्याताई तर पक्क्या कम्युनिस्ट. लोकांच्या आठवणीत त्या कशामुळे राहिल्या? हंडा घेऊन, लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या म्हणून. मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणायचे. तुझ्याकडे अकरा वर्षांचा पाण्याचा दाब आहे. पत्रकावर तो छाप. किती घरांना कनेक्शन मिळालं, किती रेशनकार्डं झाली, अभ्यासिकेतली किती मुलं दहावी पास झाली, हे लिही.

व्हिडिओचं काय करायचं? तो समोरच्यांनी दाखवायच्या आधी तूच दाखव. तुझ्या अभ्यासिकेत, रविवारी संध्याकाळी, वस्तीतल्या चाळीस-पन्नास बायकांना बोलाव. व्यासपीठ नको, माइक नको, पक्षाचा झेंडा नको. त्यांना भावाची गोष्ट सांग. त्याचं नाव सांग, तो काय खेळायचा ते सांग, किती वाजता साप चावला आणि किती वाजेपर्यंत मांत्रिकाच्या ओट्यावर ठेवला ते सांग. मग म्हण, "म्हणून माझे हात जोडले जात नाहीत. तुमचे जोडले जातात, ते जोडत राहा. मी नगरसेविका झाले तर तुमच्या पूजेच्या आड येणार नाही आणि मी पूजा केल्याचं नाटकही करणार नाही." त्यातल्या अर्ध्या बाया रडतील, कारण त्यांच्याही गावाकडे असं कुणीतरी गेलेलं असतं. "देव नाही" हे व्हिडिओतलं वाक्य त्यांना तेव्हा वेगळं ऐकू येईल. ते वाक्य मागे घेऊ नकोस. पण सभेत पुन्हा पुन्हा म्हणूही नकोस. नगरसेविकेच्या कामात ते बसत नाही.

कामात काय बसतं ते सांगते, आणि इथे तुझी खरी परीक्षा आहे. देव न मानणारी व्यक्ती सत्तेत कशी वागेल हे तिच्या न मानण्यावरून कळत नाही. आगरकर ईश्वर मानत नव्हते, आणि त्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी, विधवांसाठी आयुष्य वेचलं. पुण्यात लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. सावरकर कर्मकांड मानत नव्हते, गाय हा उपयुक्त पशू आहे म्हणत, आणि त्यांनीच हिंदुत्वाचं राजकारण उभं केलं. डांगेही देव न मानणारेच. तिघांची तीन टोकं. उलट बाजूला साने गुरुजी बघ, विठ्ठलाचे भक्त. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपाशी राहिले. तेव्हा मतदार तुला विचारतील, तू देव मानतेस का, आणि तू खरं उत्तर देशील. पण त्यांच्या मनातला प्रश्न दुसरा असतो. ही बाई आमच्या देवाला त्रास देईल का? आणि दुसऱ्यांच्या देवाला झुकतं माप देईल का?

तर तुझ्या प्रभागातल्या फुटपाथवरचं देऊळ घे. असेलच एखादं, मुंबईत नाही असा वॉर्ड नाही. सार्वजनिक रस्त्यावर नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू द्यायचं नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००९ पासून आहे. उद्या रातोरात कुणी टाइल्स लावून घुमटी उभी केली तर तू काय करशील? आणि तशीच ती मजारीची असेल, क्रुसाची असेल, तेव्हा? मंडळाच्या मांडवासाठी रस्त्याला पडलेले खड्डे कोण बुजवणार? ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद, हा नियम भोंग्याला आणि डीजेला सारखाच लावशील का? पालिकेच्या शाळेत सत्यनारायण घालायचा म्हटलं तर? संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, पण पूजेला नाही म्हणताना मुख्याध्यापिकेचा पाणउतारा न करता कसं म्हणशील? या प्रत्येकाचं उत्तर आत्ताच, उमेदवारी अर्ज भरायच्या आधी, वहीत लिहून ठेव. हिंदूंच्या बाबतीत एक आणि मुसलमानांच्या बाबतीत दुसरं उत्तर निघालं, मग ते कुठल्याही दिशेनं असो, तर ते खोडून पुन्हा लिही. वस्ती तुला याच्यावर तोलणार आहे.

एक गोष्ट नाइलाजानं लिहिते. कुजबुज धमकीवर गेली तर दुर्लक्ष करून धीट वाटायचा प्रयत्न करू नकोस. दाभोलकरांनंतर दीड वर्षात कोल्हापुरात कॉम्रेड पानसऱ्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. मेसेज जपून ठेव, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे, पोच घे, रात्रीच्या बैठकीहून एकटी येऊ नकोस. भावकीतून किंवा गावच्या मंडळातून कुणी वाळीत टाकायची भाषा केली, तर त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. पक्षाला स्पष्ट विचार, की असं काही झालं तर तुम्ही माझ्या मागे उभे राहणार का. त्यांच्या उत्तरावरून तिकिटाबद्दलही तुला बरंच कळेल.

आणि हो, तू हरू शकतेस. तुझं ऐकून चार पदाधिकारी म्हणतील, मग आम्ही दुसरी बाई बघतो. वस्तीतल्या काही बाया रडतील आणि तरी मत दुसरीकडे देतील. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण पुढच्या सोमवारी अभ्यासिका उघडायला तूच जाशील, आणि तिथं तुला खाली मान घालून जावं लागणार नाही.

तात्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांनी सांगून ठेवलं होतं, की माझे दिवस घालू नका. ते गेले तेव्हा नातेवाईक जमले, काकांनी आवाज चढवला, आई गोंधळलेली, आणि मी, त्यांची थोरली मुलगी, गप्प राहिले. दहावं, बारावं, तेरावं, सगळं झालं. नेहरूंनीही आपल्या मृत्युपत्रात लिहिलं होतं, की माझ्यावर धार्मिक संस्कार करू नका, आणि १९६४ ला ते झालेच. एवढ्या मोठ्या माणसाचं ऐकलं नाही, तिथं आमच्या तात्यांचं कोण ऐकणार, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. आज चाळीस वर्षं होत आली. रोज समई लावते आणि त्यात कधी कधी ते मधे येतात. तात्या आयुष्यभर माझ्या आईच्या देव्हाऱ्याच्या आड आले नाहीत, आणि आम्ही देव मानणाऱ्यांनी त्यांना त्यांचा शेवटचा शब्दही पाळू दिला नाही. तुझं पत्र मी दुसऱ्यांदा उघडलं ते यामुळे.

उलटही घडलंय, हे सांगायला हवं. आंध्रातले गोरा नावाचे नास्तिक कार्यकर्ते गांधीजींकडे आले. त्यांना मुलीचं लग्न एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या तरुणाशी लावायचं होतं. गांधीजी रोज प्रार्थना करणारे. पण त्यांनी कबूल केलं, की लग्न सेवाग्रामच्या आश्रमात लागेल आणि वचनात ईश्वराच्या जागी सत्याचं नाव येईल. लग्नाआधीच गांधीजींचा खून झाला. आश्रमातल्या भाविक माणसांनी तो शब्द पाळला आणि मार्च १९४८ मध्ये लग्न सेवाग्रामलाच लावलं.

आता सासूबाई. त्या काहीच बोलत नाहीत असं तू लिहिलंस. एवढी पूजा करणारी बाई, घरात रजिस्टर लग्न करून आलेली न मानणारी सून, आणि इतक्या वर्षांत एक शब्द नाही? त्यांनी तुला त्यांच्या घरात जागा दिलीय, तुझ्या लक्षात आलं नसेल कदाचित. पक्षाच्या आधी त्यांच्याशी बोल. सकाळी त्यांची पूजा आटपली की चहा घेऊन बस, आणि भावाची गोष्ट अर्धवट माहीत असेल तर पूर्ण सांग. मग विचार त्यांना. प्रचाराचा नारळ फुटायचाच असेल तर देवळात नको, आपल्या अभ्यासिकेच्या पायरीवर फोडायचा आहे, आणि तो त्याच्यावर श्रद्धा असणाऱ्या माणसाच्या हातानं फोडायचा आहे, तर आई, तुम्ही फोडाल का? त्या हो म्हणाल्या तर तू शेजारी उभी राहा, आणि खोबरं वाटायला ताट धर.